ठरलेल्या शब्दांची बाजू

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे प्रार्थनेविषयी जी चर्चा सुरू आहे, ती मी नियमाने वाचत आहे. त्यातील एका पत्रलेखकाने असा मुद्दा मांडला आहे की, पाठ केलेली प्रार्थना ही प्रार्थना नसून निव्वळ पाठांतर असते, देवाशी बोलायचे तर माणसाने आपल्या शब्दांत बोलावे आणि उसन्या शब्दांना देवही कंटाळत असेल. उदाहरणादाखल त्यांनी ख्रिस्ती उपासनेतील ‘प्रभूची प्रार्थना’ घेतली असून ती दर रविवारी अर्ध्या मिनिटात कशी उरकली जाते, याचे वर्णन थोड्या चेष्टेने केले आहे. मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेला ख्रिस्ती माणूस आहे आणि शाळेत शिकवून निवृत्त झालो आहे. अर्ध्या मिनिटाचा आरोप मला मान्य आहे. किंबहुना गेल्या रविवारी मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले, तेव्हा आमच्या मंडळीने ती बावीस सेकंदांत संपवली होती. (प्रार्थना चालू असताना घड्याळ पाहणारा मी काही मोठा भाविक नव्हे, हे ओघाने आलेच.) मात्र या घाईवरून त्यांनी जो निष्कर्ष काढला आहे, तो मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या वाचकांच्या कानावर ही प्रार्थना कधी पडली नसेल, त्यांच्यासाठी ती आधी देतो: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस. तर आम्हांला वाइटापासून सोडव.’ बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायात ती आहे. लूकच्या अकराव्या अध्यायातही आहे, पण तिथे ती आखूड आहे आणि तिचा प्रसंगही वेगळा आहे. येशू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता, ती आटोपल्यावर एका शिष्याने त्याला म्हटले की, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने जसे आपल्या शिष्यांना शिकवले, तसे आम्हांलाही प्रार्थना करायला शिकवा. प्रार्थना ही शिकावी लागते, ती आपोआप येत नाही, हे त्या शिष्याने गृहीत धरले होते आणि येशूने ते खोडून काढले नाही.

पत्रलेखकांच्या बाजूने बोलायचे तर त्यांना शास्त्रातलाच आधार सापडण्याजोगा आहे. मत्तयात ही प्रार्थना देण्याच्या लगेच आधी येशूने दोन गोष्टींना मनाई केली आहे. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा आणि दार लावून घ्या, ही पहिली. आणि पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजून व्यर्थ बडबड करू नका, ही दुसरी. ध्वनिक्षेपक लावून रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनासभा आता आपल्या भागात सर्वच धर्मांच्या होऊ लागल्या आहेत, आणि पहिल्या मनाईची आठवण आम्हा ख्रिस्ती लोकांनीच आधी ठेवायला हवी. दुसऱ्या मनाईचा अर्थ मात्र नीट पाहावा लागतो. तिथे दोष दिला आहे तो शब्दांच्या ढिगाने देवाला वळवता येते या समजुतीला, कारण पुढचेच वाक्य असे आहे की, तुम्ही मागण्याआधीच तुम्हांला काय पाहिजे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे. तेच शब्द पुन्हा म्हणणे हा दोष असता, तर स्वतः येशू त्यात सापडला असता. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तय स्पष्ट लिहितो की तिसऱ्या वेळीही तो तेच शब्द बोलला. वधस्तंभावर त्याच्या तोंडून जो आक्रोश बाहेर पडला, तो बायबलातील स्तोत्रसंहितेच्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे मरणाच्या घटकेलाही त्याने लहानपणापासून पाठ असलेल्या ओळीचाच आधार घेतला.

याचे नवल मराठवाड्यातल्या माणसाला तरी वाटू नये. आमच्या गावात दिवेलागणीला मारुतीच्या पारावर हरिपाठ चालत असे. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच चालीवर. दिवसभर वखर हाकून आलेला माणूस टाळ हातात घेऊन डोळे मिटतो, तेव्हा तो पाठांतर म्हणून दाखवीत आहे असे कोणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरांचे आपेगाव, नामदेवांचे नरसी, जनाबाईंचे गंगाखेड आणि एकनाथांचे पैठण ज्या भूमीत आहे, तिथल्या लोकांना दुसऱ्याचे शब्द आपले करून घेण्याची रीत शिकवावी लागत नाही. आमच्या जिल्ह्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही प्रभूची प्रार्थना त्याच रीतीने घोकली. वाचता न येणाऱ्या माझ्या आजीला ती येत होती, आणि तिला येणारे शास्त्र बहुतेक तेवढेच होते.

माझा खरा मुद्दा मात्र घोकण्याच्या सोयीचा नाही. माणसाने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला सुरुवात केली की तो प्रथम काय मागतो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. मी मागतो ते असे असते: गुडघेदुखी थांबू दे, मुलाची बदली होऊ दे, पाऊस वेळेवर पडू दे, आणि पडल्यावर वेळेवर थांबूही दे. यात चुकीचे काही नाही. पण ‘तुझे नाव’, ‘तुझे राज्य’, ‘तुझी इच्छा’ अशी तीन वाक्ये आधी म्हणून मग स्वतःच्या पोटाकडे वळावे, हे मला जन्मात सुचले नसते. या प्रार्थनेचा क्रमच मला माझ्या यादीपासून थोडा दूर उभा करतो. ज्या प्रदेशाने 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपताना पाहिले, तिथे ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना जुन्या माणसांच्या मनात काय येत असेल, असा प्रश्न मला कधी कधी पडतो. पण माझ्या आजोबांना मी तो विचारला नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य गेथशेमानेत येशूने शब्दशः स्वतःसाठी म्हटले आहे, आणि ते म्हणण्याआधी हा प्याला माझ्यापासून टळून जावो अशी स्वतःच्या शब्दांतली विनवणीही केली आहे. आपले शब्द आणि ठरलेले शब्द यांत वैर नाही, हे मला त्या रात्रीच्या वृत्तान्तातच दिसते.

मराठीत या प्रार्थनेला दोन गोष्टी अशा मिळाल्या आहेत, ज्या मूळ ग्रीकमध्ये नाहीत. ग्रीकमध्ये आदराचे ‘तुम्ही’ नाही, त्यामुळे देवाला काय म्हणावे हा पेच तिथे नव्हता. मराठीत होता, आणि अनुवादकांनी ‘तू’ निवडले. तहसीलदाराला अर्ज लिहिताना आपण ‘आपण’ लिहितो. आईला आणि विठोबाला ‘तू’ म्हणतो. दुसरी गोष्ट ‘आम्ही’ची. बोलणाऱ्याने ज्याच्याशी बोलतो त्यालाही धरले तर मराठीत ‘आपण’ म्हणायचे आणि त्याला वगळले तर ‘आम्ही’. देवाला आपल्या कर्जदारांत धरता येत नाही, म्हणून इथे ‘आम्ही’ हेच बरोबर. पण एरवी आपण ‘आम्ही’ कसे वापरतो? आम्ही वरच्या आळीतले, आम्ही अमक्या भावकीतले, आम्ही बागायतदार. मराठी ‘आम्ही’ बहुधा शेजाऱ्याला वगळण्यासाठी असते. या प्रार्थनेत वगळलेला एकटा देव आहे. बाकी झाडून सारे, अगदी ज्याच्याशी माझे बोलणे नाही तोही, त्या ‘आम्ही’त येऊन बसलेला असतो. दार लावून एकट्याने खोलीत म्हणायच्या प्रार्थनेत ‘मी’ आणि ‘मला’ हे शब्द एकदाही नसावेत, याचे मला अजून आश्चर्य वाटते. आपल्याकडे पसायदानातही मागणारा स्वतःसाठी काही मागत नाही. दोन्हींचा आशय एकच आहे असे मी म्हणत नाही, पण ज्याच्या कानाला पसायदानाची सवय आहे त्याला हे ‘आम्हांला’ परके वाटू नये.

भाकरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ‘रोजची’ असे ज्याचे भाषांतर झाले आहे तो ‘एपिऊसिओस’ हा ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे की त्याच्या अर्थावर विद्वानांत अजून एकमत नाही. कोणी ‘उद्याची’ म्हणतात, कोणी ‘गरजेपुरती’. संत जेरोम यांनी तर लॅटिनमध्ये एकाच ग्रीक शब्दासाठी मत्तयात एक आणि लूकमध्ये दुसरा शब्द योजला. त्या वादात मी पडत नाही, कारण ‘गरजेपुरती’ म्हणजे काय हे मला 1972 च्या दुष्काळात कळले. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत असत, ज्या जनावरेही खात नाहीत असे मोठी माणसे म्हणत, आणि खात. चुलीपुढे बसून तवा तापेपर्यंत आई ही प्रार्थना पुटपुटत असे. एकदा तिने शेजारच्या म्हातारीला अर्धी भाकर दिली तेव्हा मी कुरकुर केली. ती एवढेच म्हणाली, ‘आमची भाकर म्हनलं ना आपण? मंग ती एकट्याची कशी व्हईल?’ व्याकरण शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, पण षष्ठीचा याहून चांगला धडा मला घेता आला नाही. पुढे शास्त्र वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की, लूकमध्ये या प्रार्थनेच्या पाठोपाठ येशू जी गोष्ट सांगतो, तिच्यात एक माणूस मध्यरात्री मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी मागतो, आणि त्या त्याला स्वतःला नको असतात. त्या अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी असतात. ‘आज’ हा शब्दही सहज पडलेला नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता. ज्यांनी लोभाने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले असे बायबलातील निर्गमच्या पुस्तकात आहे. कणगी भरून मागण्याची सोय या वाक्यात नाही.

परीक्षेच्या वाक्यावर लवकर पुढे जातो. शाळेतली ख्रिस्ती मुले मार्च महिन्यात ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ हे इतर वाक्यांपेक्षा दुप्पट आवाजात म्हणत, हा माझा अनुभव आहे, आणि त्यांना थांबवावे असे मला कधी वाटले नाही. ‘परीक्षा’ म्हणजे इथे मोह; देवच माणसाला मोहात नेतो की काय, अशी शंका या शब्दांनी येते, म्हणून पोप फ्रान्सिस यांनी 2017 मध्ये या ओळीच्या प्रचलित भाषांतराबद्दल नापसंती व्यक्त केली होती आणि 2020 मध्ये इटालियन कॅथॉलिक उपासनेत ती बदललीही गेली. शेवटचे ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ हे वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून मराठी बायबलात ते कंसात छापतात. कॅथॉलिक मंडळी ‘सोडव’वर थांबतात आणि आम्ही प्रॉटेस्टंट पुढे जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नातेवाईक जमलेल्या अंत्यविधीत अर्धा जमाव एकदम गप्प होतो आणि उरलेला अर्धा ओशाळल्या आवाजात वाक्य पुरे करतो.

ऋणाचे वाक्य मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण पत्रलेखकांना माझे उत्तर त्या वाक्यातच आहे. सबंध प्रार्थनेत माणसाने स्वतः काय केले आहे याचा उल्लेख एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि प्रार्थना संपल्यावर येशू पुन्हा वळून स्पष्टीकरण देतो तेही याच एका वाक्याचे: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हांला क्षमा करणार नाही. लूकने इथे ‘पापे’ म्हटले आहे, मत्तयाने ‘ऋणे’. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ऋण आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द चालत असे. मराठीत ऋण हा शब्द आपण सभ्यपणाने वापरतो, ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असे निमंत्रणपत्रिकेत छापतो. पण बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारावे. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास जोडप्याने कोयता घेऊन गाव सोडायचे आणि हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा बांधून घ्यायचे, हे ज्याने भोगले आहे, त्याला ‘ऋण सोड’ या शब्दांतली याचना समजावून सांगण्याची गरज नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराची गोष्ट आहे. त्याला राजाचे दहा हजार तालांत देणे होते, म्हणजे मजुरीच्या हिशेबाने सुमारे 6 कोटी दिवसांचा रोज. राजाने ते सारे सोडले, आणि बाहेर पडताच त्याने स्वतःच्या सोबत्याचा शंभर दिवसांच्या मजुरीसाठी गळा धरला.

तो चाकर मला दूरचा वाटत नाही. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीनंतर माझ्या चुलतभावाने दरवर्षी नांगरटीच्या वेळी धुरा, म्हणजे शेताचा बांध, एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, माझ्या बाजूला सरकवला, अशी माझी खात्री होती; धुरा मीच त्याच्या बाजूला लोटला, अशी त्याची. मोजणी झाली, ती त्याला मान्य झाली नाही. दावा लागला, तारखा पडत गेल्या. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या अकरा वर्षांत मी स्वतःच्या शब्दांत पुष्कळ प्रार्थना केली, आणि ती अगदी मनापासून होती, याची ग्वाही देतो. न्याय मिळू दे, सत्य बाहेर येऊ दे, लबाडाला अद्दल घडू दे. उत्स्फूर्तपणात त्या प्रार्थनेत काही कमी नव्हते. मी त्याला क्षमा केली आहे असे मात्र माझ्या उत्स्फूर्त शब्दांत एकदाही आले नाही, आणि कोणी आडकाठी केली नसती तर मरेपर्यंत आले नसते. आडकाठी केली ती या पाठ केलेल्या ओळीने. दर रविवारी मी डाव्या बाजूच्या बाकावर आणि तो उजव्या बाजूच्या बाकावर उभे राहून आम्ही एका सुरात म्हणत असू, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. ‘सोडू’ नव्हे, ‘सोडले आहे’. हा पूर्ण वर्तमानकाळ मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवला आहे. काही वर्षे मी त्या ओळीला नुसते ओठ हलवत असे, मग तेही जमेना, आणि त्या ओळीपुरता मी गप्प राहू लागलो. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीच्या ते लक्षात आले होते. तिने विचारले नाही.

पुढे आमच्याकडे नवे पाळक आले. एका रविवारी, कोणाच्याही भांडणाची त्यांना माहिती नसताना, त्यांनी प्रार्थना सांगताना ‘सोडले आहे’ या शब्दांवर थांबून मंडळीला मिनिटभर शांत उभे केले. बावीस सेकंदांच्या प्रार्थनेत एक मिनिट किती मोठे असते, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही. मी उजवीकडे पाहिले. तोही खाली मान घालून पायाचा अंगठा फरशीवर घाशीत होता.

दावा आम्ही दोघांनी त्या वर्षी काढून घेतला. धुरा जिथे होता तिथेच आहे, आणि दोन तासांचा फरक कोणाच्या बाजूला आहे याबद्दल माझे मत बदललेले नाही; त्याचेही बदलले नसावे. पेरणीच्या दिवसांत तो त्याच्या बाजूने हाक मारतो, मी माझ्या बाजूने उत्तर देतो, आणि कधी धुऱ्यावर बसून त्याच्या घरचा चहा होतो. ती ओळ म्हणताना माझा आवाज अजूनही थोडा खाली जातो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
जिल्हा जालना